तिसरा हात

जहाजाच्या सगळ्यात तळच्या मजल्यावर, जिथे भिंतीला कान लावला तर पाण्याचा आवाज यायचा आणि कान न लावता इंजिनाचा, तिथल्या एका खोलीत एक आत्या आणि तिची भाची राहायच्या. खोली आपली म्हणायची म्हणून. एकावर एक दोन पलंग, एक कपाट, एक बेसिन. एकीला केस विंचरायचे तर दुसरीनं पलंगावर पाय घेऊन बसायचं. तरी वर्षभर दोघींचं झकास चाललं होतं. मात्र गेले आठ दिवस भाची आत्याशी एक अक्षर बोललेली नव्हती, आणि एवढ्याशा जागेत न बोलता राहणं म्हणजे काय ते राहून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

आत्याला सगळं जहाज घडीबाई म्हणायचं. वीस वर्षं ती प्रवाशांच्या खोल्या आवरत होती. आवरलेल्या खोलीत पलंगावर टॉवेलचा एखादा प्राणी करून ठेवायचा, अशी त्या जहाजाची पद्धत होती. बाकीच्यांचे हत्ती कसेबसे बसलेले असत, एखादा तर हत्ती आहे हे सांगावं लागे. घडीबाईचा हत्ती सोंड वर करून दाराकडे बघत असायचा. लहान मुलं तो मोडू द्यायची नाहीत, मोठी माणसं फोटो काढायची आणि घरी गेल्यावर कंपनीला पत्रं लिहायची. ती पत्रं ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली की घडीबाई पाहून न पाहिल्यासारखं करत पुढे जायची, आणि आसपास कुणी नाही असं बघून परत येऊन वाचायची. माणूस आहे, चालायचंच.

अंगानं ती बुटकी. पाच फूट भरायचं तर टाचा उचलाव्या लागत. भाची गेली होती बापावर, ताडमाड उंच, आणि हात इतके लांब की वरच्या फळीवरचं सामान काढायला तिला कधी स्टूल लागलं नाही. घडीबाईच्या दादानं लेकीला जहाजावर पाठवताना एवढंच सांगितलं होतं की पोरगी तुझ्या ओटीत घालतोय, आता तिचा घोर तुला. घडीबाईनं शब्द टाकून तिला आपल्याच कॉरिडॉरमध्ये लावून घेतलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खोल्या होत्या, डावीकडच्या आत्याच्या आणि उजवीकडच्या भाचीच्या. पोरगी कामाला चटपटीत होती, पण टॉवेलच्या प्राण्यांशी तिचं वाकडं होतं. तिचं बदक हुबेहूब चपलेसारखं दिसायचं. म्हणून संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की आत्या गुपचूप उजवीकडे जायची आणि पंधराच्या पंधरा खोल्यांत प्राणी बसवून यायची. एकीनं दुसरीच्या खोल्यांत हात घालायचा नाही, असा नियम होता. पण घरच्या घरात कसला नियम, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग ते आलं.

पहिल्या सफरीत कुठल्याशा खोलीतल्या नवरा-बायकोला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तीस जण पडले, तिसऱ्या दिवशी नव्वद. बंदराला लागल्यावर जहाज नखशिखांत धुतलं. दुसऱ्या सफरीत चौथ्याच दिवशी पुन्हा तेच. आता ही तिसरी सफर होती आणि दोनशेच्या वर माणसं आपापल्या खोलीत पोट धरून पडली होती.

जहाजावरच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. किडकिडीत, हळू आवाजात बोलणारी, आणि सहसा न हसणारी. तिनं सगळ्या नोकरमाणसांना जेवणघरात जमवून हा विषाणू काय चीज आहे ते सांगितलं. टाचणीच्या डोक्यावर हा इतका मावतो की हजार माणसं आजारी पडतील. माणूस आडवा करायला दहा-वीस कण पुरतात. लोक हातावर चोळतात त्या जेलला तो फारशी दाद देत नाही. साबण-पाण्यानं खसाखसा धुतला तर वाहून जातो आणि क्लोरीनच्या पाण्यानं मरतो, तेही फडका फिरवून लगेच पुसलं तर नाही, दहा मिनिटं ओलं राहू दिलं तर. कठड्यावर तो दिवसचे दिवस बसून राहतो. बरं झालेल्या माणसाच्या अंगातूनही तो पुढे कितीतरी दिवस बाहेर पडत असतो, म्हणून उलट्या थांबल्यावरही दोन दिवस कुणाला खोलीबाहेर सोडायचं नाही.

घडीबाई तोंडाचा आ करून ऐकत होती. हे एवढं धूड, बारा मजल्यांचं, ज्याच्यावर तिनं वादळात फक्त कपबशा हलताना पाहिल्या होत्या, ते जहाज एका न दिसणाऱ्या गोष्टीनं आडवं केलं होतं. त्याला वास नाही, आवाज नाही, पाय नाहीत, आणि तरी तो पाचव्या मजल्यावरून अकराव्यावर जातो. तिला भीती वाटली, पण भीतीहून जास्त नवल वाटलं. त्यानंतर ती दाराची मूठ धरायची तेव्हा तिच्याकडे नीट बघून धरायची.

जहाजाचा नूर पालटला. जिथे लोक आपल्या हातानं वाढून घ्यायचे तिथे आता हातमोजे घातलेले वाढपी उभे राहिले. टेबलांवरची मिठाची भांडी गेली, वाचनालयाला कुलूप लागलं, पोहण्याचे तलाव रिकामे झाले. पत्त्यांचे जोड फेकून दिले. लिफ्टची बटणं पुसायला दर मजल्यावर एक माणूस, तो एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुसायची वेळ झालेली. बाराशे माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती पुसत होती. सगळीकडे क्लोरीनचा असा वास, की जेवतानाही तोच घास चावतोय असं वाटायचं.

आजाऱ्यांच्या खोल्या साफ करायला पहिल्याच सफरीत सहा जणांची तुकडी निवडली होती. पहिलं नाव अर्थात घडीबाईचं. झगा, मास्क, दोन-दोन हातमोजे, सगळा जामानिमा. आजाऱ्याच्या अंगाखालची चादर झटकायची नाही, ती लाल पिशवीत भरायची, आणि पिशवी न उघडता यंत्रात टाकायची. तिथे ती पिशवी आपोआप पाण्यात विरघळायची. बाकीचे पाच जण चादर बोळा करून कोंबायचे. घडीबाईला बोळा बघवत नसे. झटकायची नाही ना, मग घडी घालायची, तिच्या लेखी सरळ हिशेब होता. ती चादरीची हलक्या हातानं चौघडी करायची आणि पिशवीत अशी बसवायची, की इतरांच्या दोन पिशव्यांचं काम तिच्या एकीत व्हायचं. तिचा दिवस आता असा ठरला होता: सकाळी आपल्या डावीकडच्या खोल्या, प्राण्यांसकट. दुपारपासून पाचपर्यंत आजाऱ्यांच्या खोल्या. मग हात कोपरापर्यंत धुऊन, नवे कपडे घालून, पाय ओढत उजवीकडच्या खोल्यांतले प्राणी. ते झालं की आंघोळ. सिस्टरला आश्चर्य वाटायचं की सहांपैकी चौघं आजारी पडून उठले, ही बाई ठणठणीत. काही मोजक्यांच्या अंगात तो शिरूच शकत नाही, त्याला जन्मजातच दार बंद असतं, असं डॉक्टर म्हणाले. घडीबाईच्या मते हा स्वच्छतेचा प्रताप होता.

दवाखान्याच्या भिंतीवर सिस्टरनं जहाजाचा नकाशा लावला होता. जो आजारी पडेल त्याच्या खोलीवर लाल टाचणी. पाचव्या मजल्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये तीन सफरींत मिळून डावीकडे दोन टाचण्या लागल्या होत्या. उजवीकडे तेवीस.

साफसफाईचा प्रमुख, ज्याला माघारी सगळे मुकादम म्हणायचे, तो त्या नकाशापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं आधी भाचीला बोलावलं. तुझ्या खोल्यांत तुझ्याशिवाय कोण जातं, असं विचारलं. भाची म्हणाली, कुणी नाही, मी एकटी. मग त्यानं घडीबाईला बोलावलं, खुर्ची दिली आणि पोरगी कशी काम करते ते खरं खरं सांगा म्हणाला.

“चांगली आहे,” घडीबाई म्हणाली. “फक्त जरा घाई करते.”

तिच्या डोळ्यांसमोर ते चपलेसारखं बदक होतं. दुसरं काही नव्हतं. पण बदकाचं सांगायचं तर मग प्राणी कोण करतं तेही सांगावं लागलं असतं, म्हणून ती तिथेच थांबली. मुकादमानं पहिलं वाक्य ऐकून घेतलं आणि दुसरं लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी जेवणघरात, सगळ्यांच्या देखत, तो भाचीला म्हणाला की तुझी सख्खी आत्याच सांगते तू घाई करतेस म्हणून. पुढच्या गुरुवारी जहाज बंदराला लागलं की तिला उतरवायचं, असं पत्र कंपनीला गेलं. कामातल्या हयगयीमुळे उतरवलेल्या मुलीला दुसरं कुठलंही जहाज दारात उभं करत नाही, हे तिथल्या भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक होतं. घडीबाई ताटावर बसून राहिली. बोलावं असं तिला वाटलं, आणि मग वाटलं की तेवीस टाचण्या काही खोटं बोलत नाहीत. पोरगी करतच असेल कुठेतरी घाई. हे तिला खरंच वाटत होतं. तिनं मनात भाचीला दोषी धरलं होतं, ही गोष्ट मी लपवणार नाही.

त्या दिवसापासून भाची आत्याशी बोलायची बंद झाली. तरी संध्याकाळी आत्या उजवीकडे गेली की ती बाजूला सरकून उभी राहायची, जाऊ द्यायची.

सिस्टरला मात्र तो नकाशा झोपू देत नव्हता. मुलगी कामचुकार असती तर टाचण्या कुठेही लागल्या असत्या, असं तिचं म्हणणं. या टाचण्या उजवीकडच्या पहिल्या दारापासून सुरू होऊन टोकाकडे विरळ होत जातात. कुणीतरी वाटत गेल्यासारखं. ती मुकादमाच्या मागेच लागली, तेव्हा त्यानं मंगळवारचा दिवस दिला. कॉरिडॉर तसाही रिकामा केलेला होता, तिथल्या प्रवाशांना दुसरीकडे हलवलं होतं. सिस्टरकडे एक भुकटी होती. निरुपद्रवी, साध्या उजेडात न दिसणारी, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकणारी. कॉरिडॉरच्या टोकाच्या एका खोलीत तिनं ती पलंगावर, उशीवर, नळावर जिथे जिथे आजाऱ्याचं अंग लागतं तिथे टाकली. मग आत्या-भाची दोघींना सांगितलं की ही आजाऱ्याची खोली समजा, बाकीच्या नेहमीच्या, आणि आज दिवसभर रोज करता तस्संच सगळं करा. काही वगळू नका, काही जादा करू नका.

घडीबाईनं सकाळी आपल्या खोल्या केल्या. दुपारी टोकाची खोली केली, पुरे दोन तास खपून. संध्याकाळी ती उजवीकडच्या पहिल्या दाराशी घुटमळली. आजचा दिवस प्राणी नाही केले तर कोण विचारतंय, असं एकदा मनात आलं. पण बाई सरळ होती. तस्संच म्हणजे तस्संच. तिनं हत्तीपासून सुरुवात केली.

सात वाजता सिस्टर जांभळा दिवा घेऊन आली, मागोमाग मुकादम. त्या कॉरिडॉरला खिडकी नव्हती. दिवे मालवले तसा भर संध्याकाळी मिट्ट काळोख झाला. सिस्टरनं आधी आपल्या पिशवीतली भुकटी लावलेली उशी काढली आणि तिच्यावर दिवा धरला. पांढरी स्वच्छ उशी अचानक हिरवी पेटली. मुकादम एक पाऊल मागे सरला. मग टोकाची खोली. पलंग काळा, नळ काळा, जमीन काळी, संडासाच्या मागची कुणाच्या बापाला दिसणार नाही ती फटसुद्धा काळी. एक कण शिल्लक नव्हता. दिवा घडीबाईच्या हातांवर आला. काळे. मनगटं, कोपर, काळे. मुकादम मान डोलवत म्हणाला की मी काय म्हणत होतो. घडीबाईचा ऊर भरून आला. डावीकडच्या पंधराही खोल्या तशाच निघाल्या.

मग ते उजवीकडच्या पहिल्या खोलीत शिरले. कडी, नळ, फोन, दिव्याचं बटण, सगळं काळं. भाचीच्या कामातही खोट नव्हती. सिस्टरनं दिवा पलंगाकडे वळवला.

हत्तीच्या कपाळावर हिरवा डाग चमकत होता. चांगला दोन बोटं रुंद.

दुसऱ्या खोलीत बदकाच्या मानेवर. तिसऱ्या खोलीत सशाच्या पाठीवर, किंचित फिका. चौथ्या, पाचव्या, सहाव्या. खोलीमागून खोली तो फिका होत गेला, पण प्रत्येक प्राण्यावर होता, नवव्या खोलीतल्या माकडाच्या छातीवर शेवटचे चार ठिपके होते. सिस्टर खिशातून नकाशाची नक्कल काढून बघत होती. नवव्या खोलीपलीकडे टाचणी नव्हती. घडीबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. जणू ती गोष्ट आत्ता, त्यांच्या पुढे, दारादारानं चालत गेली होती.

“हे कुणी केले?” सिस्टरनं विचारलं.

“मी,” भाची म्हणाली.

सिस्टरनं तिच्या हातांवर दिवा धरला. काळे. बाह्यांवर, कपड्यांवर, केसांवर. कुठे काही नाही. मुकादम म्हणाला, मग हे आलं कुठून, आभाळातून? भाची मान खाली घालून उभी होती, आणि काळोखात घडीबाईला एकदम उमगलं की ही पोरगी आठ दिवस कुणासाठी गप्प आहे. नियम आत्यानं मोडला होता. भाचीनं एक शब्द काढला असता तर पत्र वेगळ्या नावाचं गेलं असतं. ती मात्र मी एकटी एवढंच म्हणत राहिली होती, ‘घाई करते’ ऐकूनसुद्धा.

“मी केलेत,” घडीबाई म्हणाली. “रोज मीच करते. तिला येत नाहीत.”

तिनं हात पुढे केले. ते तर मघाशीच काळे निघाले होते. सिस्टरनं थोडा विचार केला, कपाटातून एक कोरा टॉवेल घेतला आणि तिच्या हातात दिला. करून दाखवा म्हणाली, नेहमीसारखा.

घडीबाईनं टॉवेल उलगडला. मोठा टॉवेल, आखूड हात. दोन कोपरे दोन चिमटीत धरले, मध्यावर दुमडला, आणि दुसरं टोक सरळ करायला हात मोकळे हवेत म्हणून मधला काठ हनुवटीखाली दाबून धरला. वीस वर्षं धरत होती तसाच. आपण धरतोय हे तिच्या गावीही नव्हतं. सिस्टरचा दिवा हळूहळू वर आला, आणि मुकादमाच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

सगळ्यांना दिसलं, तिला सोडून. ती विचारत राहिली, काय झालं, काय आहे. सिस्टरनं बेसिनवरचा हजामतीचा गोल आरसा ओढून तिच्या गळ्याशी तिरका धरला. तेव्हा तिला दिसलं. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वरच्या घडीत, मास्क संपतो आणि झगा सुरू होत नाही त्या चिंचोळ्या पट्टीत, काजव्यांचा थवा बसावा तसा हिरवा उजेड होता. आजाऱ्याची चादर न झटकता तिनं कौतुकानं चौघडी केली होती, ती त्याच जागी धरून. हात तिनं शंभरदा धुतले. ही जागा तिच्या लेखी हातच नव्हती.

ती आरशातून नजर हलवेना. एवढीशी गोष्ट. डोळे नाहीत, डोकं नाही, आणि हिच्या सगळ्या स्वच्छतेला वळसा घालून तिनं नेमकी तीच जागा शोधली होती, जी माणसाला स्वतःची स्वतःला दिसत नाही. बाराशे माणसं पुसत होती आणि हा उजेड तिच्या गळ्याला बसून, तिच्याच पायांनी, दारोदार फिरत होता. तिला दुसऱ्या सफरीतली उजवीकडच्या खोलीतली एक चिमुरडी आठवली, जी हत्तीला गालाशी धरून झोपायची. तिच्या खोलीवर टाचणी होती. घडीबाई मटकन पलंगावर बसली. लाज वाटली, भीती वाटली, आणि त्या सगळ्याच्या वर असं काही वाटलं की ज्याच्यापुढे आपोआप आवाज खाली येतो.

मुकादमानं दिवे लावले. साध्या उजेडात सगळं पूर्वीसारखं झालं, बाई, टॉवेल, हत्ती. तो समजुतीच्या स्वरात बोलू लागला. झालं ते झालं. कारण सापडलं, आता पुढे काळजी घेऊ. पण पत्र गेलंय, ते काही परत येत नाही. आणि घडीबाईंचं नाव कंपनीत कुठवर पोचलंय, फळ्यावर पत्रं काय लागतात, ते सगळं असं धुळीला मिळवायचं का? पोरगी तरुण आहे, जमिनीवर काहीतरी बघेल. चार भिंतींतलं चार भिंतींत राहू दे. तोंड धुऊन घ्या म्हणजे झालं.

भाची केव्हाच कॉरिडॉरमधून निघून गेली होती.

घडीबाई उठली. बेसिनकडे गेली नाही. सिस्टरला तिनं विचारलं की ही भुकटी अंगावर राहिली तर काही होतं का. काही होत नाही, सिस्टर म्हणाली.

“मग मी धुणार नाही,” घडीबाई म्हणाली. “सगळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. दिवा घ्या तुमचा.”

नोकरमाणसांच्या जेवणघरात त्या वेळी पहिली पंगत बसली होती, तीनशेच्या आसपास माणसं. तळमजल्यावर उन्हाचा संबंध नाही, सगळा उजेड ट्यूबचा. सिस्टरनं स्वयंपाक्याला सांगून त्या बंद करवल्या. एकदम काळोख झाला तसा गलका उठला, कुणी शिट्टी मारली, कुणाचं तरी सूप सांडलं. मग जांभळा दिवा लागला आणि त्याच्यामागे बाकावर उभी राहिलेली घडीबाई दिसली. तिनं मान वर केली.

शिट्टी थांबली. त्या तीनशे माणसांनी तीन सफरी ज्याच्याशी झुंज घेतली होती ते त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. आता ते त्यांच्या घडीबाईच्या गळ्याला लागून चमकत होतं. मागच्या रांगेतली माणसं उठून बाकांवर चढली. पण जवळ कुणी आलं नाही आणि दूरही कुणी गेलं नाही.

“आजाऱ्यांच्या चादरी मी इथे धरत होते,” ती म्हणाली. वर बघत बोलत असल्यामुळे आवाज चिरका येत होता. “आणि नंतर टॉवेल. तेवीस टाचण्या माझ्या आहेत. पोरीची एकही नाही. ती घाई करते असं मी म्हटलं ते खोटं आहे.”

कुणीतरी खोकलं. मग धोबीखान्यातला एक दांडगा गडी काळोखातून म्हणाला की उशीला अभ्रा घालताना मी त्याचं टोक दातात धरतो. नेहमीच. एक वाढपी म्हणाला की दोन्ही हातांत ताटं असली की मी नॅपकिन काखेत धरतो. दवाखान्याचा मदतनीस पेनाचं टोपण तोंडानं काढायचा. लिफ्टची बटणं पुसणारा म्हणाला की मी बाटलीचं झाकण पोटाशी धरून फिरवतो, शर्ट रोज एकदाच बदलतो. एकेक आवाज उठत गेला. प्रत्येकाला दोनाहून जास्त हात होते आणि ते त्यांना आत्ता, या काळोखात पहिल्यांदा सापडत होते. सिस्टर दिव्याच्या उजेडात भराभर लिहून घेत होती.

जेवणघर अंधारात का, म्हणून बघायला जहाजाचा मुख्य अधिकारी आला होता. तो दारातच थांबून सगळं ऐकत राहिला होता. ट्यूब लागल्यावर त्यानं सिस्टरचा नकाशा मागून घेतला, प्राण्यांच्या खोल्या आणि टाचण्या बोटानं जुळवून बघितल्या आणि मुकादमाला सांगितलं की ते पत्र मागे घेतल्याचं पत्र आजच गेलं पाहिजे, मुलगी कुठेही उतरणार नाही. मग त्यानं घडीबाईकडे बघितलं. तुमचं काय करायचं ते बंदराला लागल्यावर ठरवू, म्हणाला. ती बरं म्हणाली.

बाकावरून उतरताना तिला आधाराला काही सापडेना. कशालाही हात लावायला ती बिचकत होती. तेवढ्यात लांब हाताच्या कुणीतरी तिला दंडाला धरून खाली घेतलं. भाची होती. ती आत्याला गर्दीतून कोपऱ्यातल्या बेसिनकडे घेऊन गेली, नळ सोडला, आणि साबण आपल्याच तळहातावर घेऊन फेस करू लागली. घडीबाई म्हणाली, अगं राहू दे, मी धुते. तिनं हात गळ्याकडे नेला, आणि नेमकं कुठे लावायचा ते तिला कळेना.

भाची आठ दिवसांनी आत्याशी बोलली.

“मान वर कर, आत्या. तुला नाही दिसायची ती जागा.”